गोल तुझे, फुली माझी

मिलिंदा,

पांढऱ्या गाडीच्या टपावर तू काढलेले गोल अजून तसेच आहेत. सदतीस आहेत, मी मोजले. त्यातल्या चौदांच्या मध्ये तू टिंब दिलंय, म्हणजे ते डेंट निघाले. तेवीस राहिले. गाडीचा मालक परवा येऊन गेला. म्हणाला, "पेंटर, ते गोल पुसून तरी द्या, मी दुसरीकडे दाखवतो." तुझी ती मेणाची पेन्सिल फडक्याच्या एका फटक्यात जाते, हे मला माहीत आहे. फडकं हातात घेतलं आणि परत खुंटीला लावलं. मालकाला म्हटलं, आठ दिवस थांबा. कशासाठी ते त्या भल्या माणसानं विचारलं नाही.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुझे वाळूजचे जुने सोबती आले होते. एकेक जण उठून छान बोलला. मला म्हणाले, तुम्ही इतक्या वर्षांचे जोडीदार, दोन शब्द बोला. मी उठलो, "मिलिंद चांगला माणूस होता" एवढं बोललो आणि बसलो. बावीस वर्षं एका शेडखाली तुझ्याशी भांडलो आणि शेवटी तुझ्या वाट्याला चार शब्द आले. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते आता लिहितोय. बोर्ड रंगवणाऱ्या हाताला मोठ्या अक्षरांची सवय, वहीच्या रेघांत ती मावत नाहीत. सांभाळून घे.

पैठण रोडच्या त्या शेडमध्ये मी आधी आलो, हे तू कधीच कबूल केलं नाहीस. मी पाचोडच्या बाजारात ट्रॉल्यांवर नावं रंगवत होतो, तिथून शहरात आलो आणि गाड्या रंगवायला लागलो. तू वाळूजच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होतास. दाबून निघालेल्या पत्र्यावर पांढरा हातमोजा घालून हात फिरवायचा आणि कुठं खोलगट, कुठं उंचवटा ते सांगायचं, हे तुझं काम. डोळ्यांना दिसत नाही ते तुझ्या बोटांना कळायचं. एका गारपिटीनंतर पुण्याहून माणसं आली आणि त्यांनी रंगाला न दुखावता डेंट काढून दाखवले. तू सुट्टी टाकून तीन दिवस त्यांच्या मागं उभा राहिलास. चौथ्या दिवशी वाळूजच्या लेथवर सळया वाकवून घेतल्यास, त्यांची टोकं गुळगुळीत करून टेप गुंडाळलीस आणि नोकरी सोडून माझ्या शेडात येऊन बसलास. वहिनींना सांगितलंस दुसऱ्या दिवशी. त्या बोलल्या ते मी इथं लिहीत नाही.

पहिले काही महिने मी तुझी टिंगलच केली. मला काय माहीत! एक माणूस टपाचं आतलं कापड उतरवतो, तिरकी सळई आत घालतो, समोर ट्यूबलाइटचा काळ्या पट्ट्यांचा बोर्ड लावतो आणि टपावर पडलेल्या त्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबाकडं बघत तासभर एकाच ठिकाणी हळूहळू दाबत बसतो. पट्टी वाकडी दिसली की डेंट आहे, सरळ झाली की गेला. मी म्हणायचो, "मालिश करू राह्यला का गाडीची?" तू मान वर न करता म्हणायचास, "व्हय. तू मेकप कर, मी मालिश करतो." आणि जास्त दाबून पत्रा वर आला, की ते नायलॉनचं टोपण ठेवून हातोडीनं टकटक, टकटक. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. आज शेडमध्ये तो आवाज नाही तर डोकं जास्तच उठतंय.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. तू म्हणायचास, पत्रा जिथून निघाला तिथं त्याला परत नेता येतं, मग वर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून रंग कशाला मारायचा? मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला गाडी चांगली दिसायला हवी, खाली काय आहे ते कोण बघतंय? तू म्हणायचास, "मी बघतोय की." एवढंच. तुझ्याशी भांडायला मजा यायची नाही, कारण तू लगेच कामाला लागायचास.

तरी आपण एक रीत पाडली आणि ती पाळली. गाडी शेडात आली की आधी तू तिच्याभोवती फिरायचास, बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवायचास; खाली लांबी असली तर आवाज बद्द यायचा. जिथं रंग शाबूत आहे तिथं मेणाच्या पेन्सिलीनं गोल. जिथं रंग फाटलाय, गंज धरलाय, तिथं फुली. गोल तुझे, फुली माझी. एकानं दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही. गाडी आधी कुणाकडं आली, गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीचं, याचा काही संबंध नाही. वजनदार माणसं येऊन म्हणायची, "अहो, रंगच मारून टाका ना, लवकर होईल," आणि मी छाती पुढं काढून म्हणायचो, "नाय साहेब, तो गोल आहे, तो मिलिंदचा."

आपल्या शेडवरचा बोर्डही मीच रंगवला होता. वर आपली नावं आणि खाली तू सांगितलेली ओळ: 'रंगाला धक्का न लावता डेंट काढून मिळेल.' पिवळ्यावर निळी अक्षरं. त्यातलं 'धक्का' मी तीनदा पुसून लिहिलं. तू खाली उभा राहून म्हणत होतास, "क जरा दबलाय." अक्षरांतलेही डेंट दिसायचे तुला.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि रोडच्या दोन्ही बाजूंना मात्र नवीन इमारती उठतायत. टँकर आधी तिकडं जायचे, उरलं तर आपल्याकडं. तुझ्या कामाला पाणी लागत नाही. माझं काम पाण्यावाचून होत नाही. लांबी पाणी घालत घालत पॉलिश पेपरनं घासायची, धुवायची, हात फिरवायचा, परत घासायची. कोरडी घासली तर वरून सारखी दिसते, आत धरत नाही. शेडात दोन ड्रम होते, एक तुझा आणि एक माझा. तू तुझ्या ड्रमातलं तांब्याभर पाणी प्यायचास आणि बाकीचं माझ्या पेपरला द्यायचास. मी नको म्हटलं की म्हणायचास, "मला काय आंघोळ घालायचीय का सळयांना?"

त्यातल्याच एका उन्हाळ्याच्या तोंडाशी नाशिककडं गारपीट झाली आणि तू वीस दिवसांसाठी तिकडं गेलास. जायच्या दिवशी सकाळी टँकर आला होता. तू तुझा ड्रम काठोकाठ भरलास, झाकण लावलंस, वर ओलं पोतं टाकलंस. म्हणालास, "पेंटर, पेपरला वापर. काटकसर करू नको. रंग खराब झाला तर लोक म्हनतील मिलिंद नव्हता म्हनून झाला." मी हसलो.

तू गेलास आणि चार दिवसांनी कुलकर्णी सर आले. सिडकोतले, कॉलेजात शिकवायचे, आपल्याशी सुद्धा अहोजाहो करणारे. गल्लीत टँकर उभा असताना त्याच्या पाइपाचा लोखंडी जोड सरांच्या बॉनेटवर आदळला होता. काठाच्या जवळ चांगला वाटीएवढा खड्डा. रंग मात्र शाबूत. म्हणजे गोल. म्हणजे तुझा. सरांना दोन दिवसांत गाडी हवी होती, घरात मुलीचं लग्न. मी म्हणायला हवं होतं, सर, मिलिंद येईपर्यंत थांबा, किंवा लग्न उरकून आणा. पण सर म्हणाले, "मिलिंद नाहीत म्हणजे होणार नाही का?" आणि मला ते लागलं. मी म्हटलं, होईल की.

केलं मी. लांबी थापली, कोरडीच घासली, फवारा मारला, पॉलिश केली. सर खूश. म्हणाले, "वा, रंग लावल्यासारखं वाटतच नाही." आणि मी म्हटलं, "रंग लावलाच नाही सर, कंपनीचाच आहे." का म्हटलं? तुला मिळते तशी शाबासकी मला एकदा हवी होती, दुसरं काही नाही. पाणी नाही, घाई आहे, दुष्काळ आहे, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि नंतरही सांगत राहिलो. तू नाशिकहून आलास तेव्हा विचारलंस, "काय विशेष?" मी म्हटलं, काय नाय.

दोन वर्षांनी आपल्याच शहरावर गारा पडल्या. लिंबाएवढ्या. शेडासमोर गाड्यांची रांग लागली आणि त्यात कुलकर्णी सरांची गाडीही आली. बॉनेटभर खळगे. तू पेन्सिल घेऊन फिरत होतास. मी लांबी भरलेल्या त्या काठाजवळही एक नवा डेंट होता, तिथं आलास. तिथं खाली बॉनेटचा सांगाडा आडवा येतो, सळई पोचत नाही. मग गरम गोंदानं प्लास्टिकचा खुंटा चिकटवायचा आणि वरून ओढायचं. त्याला रंग कंपनीचाच हवा, खाली लांबी नको. तू एरवी पेरांनी वाजवून बघितलं असतंस, पण पलीकडं चार जण घाई करत होते. तू माझ्याकडं बघून ओरडलास, "पेंटर, ह्याला हात लावलाय का रे कधी?"

मी दुसऱ्या गाडीवर कागद चिकटवत होतो. म्हटलं, "नाय. कंपनीचाय."

तू मला परत विचारलं नाहीस. खुंटा चिकटवलास, थंड होऊ दिलास, ओढलास. आणि पंजाएवढा रंगाचा पापुद्रा खुंट्यासकट वर आला. आवाज साधा होता, पापड मोडल्यासारखा. तू तो पापुद्रा उलटा केलास, कडेनं बघितलास, नखानं करडी लांबी टोकरलीस. कोरडी घासलेली, भुसभुशीत. मग एकदाच माझ्याकडं पाहिलंस. मी परत कागद चिकटवायला लागलो. मिलिंदा, त्या कागदावर तेव्हा माझ्याच्यानं चिकटपट्टी सरळ लागेना.

संध्याकाळी सर आले आणि चिडले. त्यांचंही काही चुकलं नाही. बोर्डाकडं बोट दाखवून म्हणाले, "रंगाला धक्का न लावता म्हणे! हे काय आहे?" रांगेतले लोक ऐकत होते. मला वाटलं, आता तू सांगशील. तू म्हणालास, "चूक झाली सर. माझ्या हातानं झाली. रंगवून देतो." पापुद्रा तू खिशात घातलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी आणलीस आणि मला म्हणालास, "बोर्डावरची खालची ओळ पुस." मी म्हटलं, कामून? तू म्हणालास, "आता ती खरी नाय. खोटं लिहून कशाला बसायचं?" मी शिडीवर चढलो. तुझी ती ओळ मी माझ्या ब्रशनं पिवळी केली. खाली तू शिडी धरून उभा होतास. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझा चेहरा दिसत नव्हता, फक्त डोकं दिसत होतं, त्यामुळं तर सोपं होतं. मी बोललो नाही.

तू त्यानंतर काही बदलला नाहीस. चहा तसाच सांगायचास, टिंगल तशीच करायचास. फक्त एक झालं. त्या दिवसानंतर तू कुठल्याही गाडीबद्दल मला विचारलं नाहीस. मी आपणहून म्हणायचो, "कंपनीचाय रंग," तू "बरं" म्हणायचास आणि पेरांनी वाजवून बघायचास. टण, टण. मला ऐकू यायचं.

रोड रुंद झाला, शेड दोनदा मागं सरकलं, चितेगावपर्यंत दुकानं झाली. शहराचं नाव बदललं तेव्हा बोर्डावरचा पत्ता परत रंगवायचा होता. मी वर होतो, खालची जागा पिवळी, मोकळी. म्हटलं, "मिलिंदा, ती ओळ परत टाकू का? इतक्या वर्षांत एक रंग उडाला नाय तुझ्याकडून." तू वर बघितलंस. मग म्हणालास, "तुला टाकावी वाटती का?" मला वाटलं तू विचारतोयस. तू मी बोलायची वाट बघत होतास, हे मला तू गेल्यावर कळलं. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." तू म्हणालास, "मंग राहू दे."

परवा मी कुलकर्णी सरांकडं गेलो. ते आता निवृत्त आहेत, गाडी तीच आहे. तुझं कळल्यावर त्यांना वाईट वाटलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पेंटर, एक गोष्ट मला तुम्हाला विचारायचीच होती. बॉनेट रंगवून झाल्यावर मिलिंद स्वतः गाडी द्यायला आले होते. मी त्यांना म्हटलं, अहो, टँकरचा पाइप पडला होता ती हीच जागा, तुमच्या पेंटरनं काढला होता हा डेंट, मग इथलाच रंग कसा निघाला? तर ते म्हणाले, 'सर, त्या साली पाणी नव्हतं.' मी नुसतं हो हो केलं. पण पाण्याचा आणि रंगाचा काय संबंध, ते मला आजवर कळलेलं नाही."

मला कळलं. खुर्चीतल्या खुर्चीत मला कळलं. लांबी कुणाची, कुठल्या वर्षीची, कशी घासलेली, सगळं तुला माहीत होतं. आणि खोट्या ओळीखाली एक दिवस न बसणारा तू, माझ्यासाठी सरांच्या दारात उभा राहून खोटं बोललास. तुझ्या सबंध आयुष्यातलं मला माहीत असलेलं तेवढं एकच खोटं.

मी सरांना म्हटलं, "सर, पाणी होतं. त्यानं जाताना त्याचा ड्रम मला भरून दिला होता. वर ओलं पोतं टाकून. मी झाकणसुद्धा उघडलं नाही." मग सगळं सांगितलं. गोल काय, फुली काय, लांबी कोरडी का घासली, कुणी कुणाला काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं. सांगताना रडलो, ते तुला आवडलं नसतं. सरांनी पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "मी त्यांना चारचौघांत बोललो हो." आम्ही दोघं म्हातारे तसेच बसून राहिलो.

तिथून तुझ्या घरी गेलो आणि वहिनींनाही सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो रंगाचा तुकडा त्यांच्या कपाटात हाय, दत्ताभाऊ. मी एकदा टाकाया निघाले तर म्हनले, राहू दे, ज्याचा हाय तो मागंल एक दिवस." त्यांनी तो आणून माझ्या हातावर ठेवला. एका कडेनं अजून चमकत होता. रंग मी चांगलाच मारला होता रे.

आज सकाळी शिडी लावली. वहिनी आल्या होत्या, तू धरायचास तशी त्यांनी शिडी धरली. पिवळ्यावर निळ्या अक्षरांत तुझी ओळ परत लिहिली: 'रंगाला धक्का न लावता डेंट काढून मिळेल.' तू नाहीस, सळया भिंतीला टांगलेल्या आहेत, म्हणजे आता ही ओळ कोणत्याच गिऱ्हाइकाच्या कामाची नाही. तरी ती खरी आहे. 'धक्का'तला क या वेळी दबला नाही, आणि तसं सांगायला खाली तू नव्हतास. इतकी तुझी आठवण आली की ब्रश डब्यात ठेवून थोडा वेळ तिथंच वर उभा राहिलो.

तेवीस गोल मी पुसणार नाही. पांढऱ्या गाडीच्या मालकाला सांगितलंय, तुझ्यासारखा हात असलेला माणूस मी शोधून देतो, जिथून मिळेल तिथून. तोवर ते तसेच राहू देत.

खाली उतरायच्या आधी बोर्डाच्या कोपऱ्यात, तुझ्या ओळीच्या शेवटी, मी मेणाच्या पेन्सिलीनं एक बारीक खूण केली. वहिनींनी खालून विचारलं, "ते काय काढलं?"

म्हटलं, "फुली. माझी हाय."